वारा कोणाकडून कोणाकडे?

काही महिन्यांपूर्वी एका मोठ्या शहराबाहेर नव्याने उभे राहिलेले एक कार्यालय पाहण्याचा योग आला. माझा एक जुना विद्यार्थी तेथे हिशेब विभागात नोकरीला आहे. ‘सर, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवलात, ही इमारत तुम्ही पाहायलाच हवी,’ असा त्याचा आग्रह होता. इमारत खरोखरच देखणी होती. मधोमध मोकळा चौक, त्याच्या भोवती दगडी जोत्यावरची ओसरी, पश्चिमेच्या भिंतीला विटांची जाळी, आतून चुन्याचा गिलावा. भर एप्रिलात आत नुसत्या पंख्यावर भागत होते. माहिती देणारे तरुण वास्तुविशारद मोठ्या आस्थेने बोलत होते. ‘हा आपल्या जुन्या वाड्याचा चौक आहे,’ ते म्हणाले, ‘आपल्या पूर्वजांना वाऱ्याची दिशा कळत होती.’

हे वाक्य ऐकले आणि मला माझे गाव आठवले. वाऱ्याची दिशा आमच्या पूर्वजांनाही कळत होती. मराठवाड्यातल्या आमच्या गावात महारवाडा गावाच्या पूर्वेला होता. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत तो पूर्वेलाच असे. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने वारा पश्चिमेकडून वाहतो. गावावरून आलेला वारा महारवाड्याने घ्यावा, महारवाड्यावरचा वारा मात्र गावाला लागू नये, म्हणून ही जागा, असे जुनी माणसे सांगत. म्हणजे ज्या हवामानज्ञानाचे आज कौतुक चालले आहे, त्याचा आमच्या वाट्याला आलेला हा अर्थ. वाड्याच्या चौकात वारा खेळवणारी बुद्धी आणि महारवाडा वाऱ्याच्या खालच्या अंगाला टाकणारी बुद्धी या दोन बुद्धी नव्हेत. ती एकच बुद्धी होती.

माझे आजोबा गावातल्या एका वाड्याच्या भिंतींसाठी गारा तुडवायला जात. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची, तीही त्यांनी वाहिलेली. भिंत ओली असेपर्यंत त्यांचा पाय त्या मातीत चालत असे. भिंत वाळली की उंबऱ्याच्या आत तो चालत नसे. आजोबांना त्या भिंती किती रुंद आहेत हे ठाऊक होते, कोणत्या तुळईला कीड आहे हे ठाऊक होते. चौक आतून कसा दिसतो हे मात्र त्यांनी मरेपर्यंत पाहिले नाही.

म्हणून प्रस्तुत लेखात मला एक प्रश्न इतिहासाच्या आधाराने तपासून पाहायचा आहे. परंपरागत वास्तुकला आणि आजचे पर्यावरणपोषक कार्यालय यांचा मेळ घालण्याची भाषा सध्या सर्वत्र ऐकू येते. ही परंपरा कोणाची? तिच्यातला वारा घेता येईल आणि उंबरा टाकता येईल काय?

१

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. जुन्या बांधकामातले शहाणपण खरे आहे. केवळ ते वाड्यात होते म्हणून ते नाकारणे हा शुद्ध आततायीपणा होईल. चौकातली हवा रात्री गार होऊन खाली बसते आणि सकाळी बराच वेळ भोवतालच्या खोल्यांना गारवा देते. ऊन चढले की तापलेली हवा वर जाते आणि ओसरीतून नवी हवा आत ओढली जाते. जाड माती-दगडाची भिंत दिवसाचे ऊन हळूहळू आत घेते. ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. जाळी उजेड आत सोडते, उन्हाचा तडाखा बाहेर अडवते. यात कोणताही चमत्कार नाही. हे पदार्थविज्ञान आहे आणि पदार्थविज्ञानाला जात नसते.

याउलट गेल्या तीसेक वर्षांत आपल्या शहरांत काचेच्या कार्यालयांची जी रांग उभी राहिली, तिचा व्यवहार उलटा आहे. काचेच्या पेटीत ऊन कोंडायचे आणि मग ते बाहेर काढण्यासाठी दिवसभर वातानुकूलन यंत्रे चालवायची. त्यासाठी लागणारी वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशातून येते. कोराडी आणि चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांची राख ज्यांच्या शेतांवर आणि छपरांवर पडते, ती माणसे त्या काचेच्या इमारतींत बसत नाहीत. येथेही वाऱ्याच्या खालच्या अंगाला कोणी तरी आहेच. तेव्हा वीज वाचवणारी इमारत ही श्रीमंतांची हौस आहे, असे म्हणून आपण हा विषय सोडून देता कामा नये. हा आपलाही प्रश्न आहे.

२

परंतु ‘परंपरा’ हा शब्द उच्चारला की तिचा सगळा हिशेब मांडावा लागतो. आपल्या वास्तुग्रंथांत घर ही केवळ निवाऱ्याची वस्तू नाही. ती वर्णव्यवस्थेची मोजपट्टी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराची रुंदी वर्णानुसार ठरवून दिलेली आहे : ब्राह्मणाला बत्तीस हात, आणि पुढे चार-चार हात कमी करत शेवटी सोळा. जे त्याहूनही ‘हीन’, त्यांना त्याहूनही कमी. मातीचा रंगसुद्धा वर्णानुसार वाटलेला आहे. पांढरी ब्राह्मणाची, तांबडी क्षत्रियाची, पिवळी वैश्याची, काळी शूद्राची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगररचना सांगताना चांडालांची वस्ती स्मशानाच्या कडेला नेमलेली आहे. हे ग्रंथ जसेच्या तसे अंमलात येत होते असे मी म्हणत नाही. परंतु जागेची वाटणी ही जातीची वाटणी आहे, हा त्यांतला विचार गावोगावी अंमलात होता, हे आपल्याला कोणी ग्रंथातून शिकवण्याची गरज नाही.

आज कार्यालये बांधताना ‘वास्तुशास्त्र’ पाहण्याचा धंदा जोरात आहे. मालकाची खोली कोणत्या कोपऱ्यात, तिजोरी कोणत्या दिशेला, याची सल्लामसलत पैसे मोजून होते. शिकलेले लोक हे करताना जराही संकोचत नाहीत. ज्या शास्त्राने माणसाची लायकी हातांनी मोजली, त्या शास्त्राला पर्यावरणाचे प्रमाणपत्र मिळवून देण्याचा हा उद्योग आहे. चौकातल्या वाऱ्याचा आणि ईशान्येच्या पावित्र्याचा काडीचाही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी शिक्षकांची आहे.

३

आता कार्यालयाकडे वळू. परंपरागत भारतीय कार्यालय कोणते, असा प्रश्न केला तर वास्तुविशारद मंडळी बहुधा राजवाड्यातल्या दिवाणखान्याचे नाव घेतील. आपल्या लोकांना ठाऊक असलेले परंपरागत कार्यालय म्हणजे चावडी. जोत्यावर पाटील-कुलकर्ण्यांची बैठक, दप्तर त्यांच्यापाशी, आणि जोत्याखाली उन्हात उभा महार. गावाची वेस राखणे, पडलेल्या गावकुसाची डागडुजी करणे, सारा भरण्यासाठी लोकांना बोलावून आणणे, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोहोचवणे, ही कामे त्याची. म्हणजे त्या कार्यालयाचे निम्मे काम तो करत होता, आणि त्या कार्यालयात त्याला बसायला जागा नव्हती. ही व्यवस्था इंग्रजांनी मोडली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने उलट ती कागदावर पक्की झाली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

शहरातही वाडा हाच कचेरी होत असे. पेशवाई बुडाल्यावर पुण्यातल्या बुधवार वाड्यात इंग्रजांनी सरकारी कचेऱ्या थाटल्या. १८७९ च्या आगीत तो वाडा जळाला. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. वाडा सरकारजमा झाला, धनी बदलला. पण पाठशाळेत शिकणारे आणि शिकवणारे ब्राह्मणच राहिले. इमारतीचा उपयोग बदलल्याने तिच्या उंबऱ्याचा नियम आपोआप बदलत नाही, याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

‘मेळ घालण्याचा’ प्रयोगही नवा नाही. मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस १९१३ साली पुरे झाले. जॉन बेग या स्कॉटिश वास्तुविशारदाने त्याच्या घुमटासाठी विजापूरच्या गोल घुमटाचा आधार घेतला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली तयार झाला. छत्र्या, कमानी, जाळ्या, सगळे देशी अलंकार आणि आत युरोपीय सोयी. त्याच बडोद्यात १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर नोकरीला रुजू झाले. शिपायांनी त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच फेकल्या. कार्यालयात पिण्याचे पाणी त्यांना मिळत नव्हते. हा प्रसंग आपण सगळे जाणतो. पण तो वास्तुकलेच्या इतिहासातलाही प्रसंग आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. टेबल नवे होते, खुर्ची नवी होती, हिशेबाची पद्धत नवी होती. शिपायाचा हात आणि ते टेबल यांच्यामध्ये जे अंतर होते, ते मात्र जोते आणि उन्हात उभा माणूस यांच्यामधले जुनेच अंतर होते. ते अंतर कोणत्याही नकाशावर काढलेले नसते. त्यामुळे ते पुसायचे राहून जाते.

४

मग परंपरेत आपल्या हाताला लागण्यासारखे काहीच नाही काय? आहे. पण त्यासाठी वाड्याच्या मागे जावे लागते.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरलेले विहार आहेत. भाजे, कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी, अजिंठा. विहाराची सर्वसाधारण आखणी पाहा : मधे मंडप आणि त्याच्या तीन बाजूंना खोल्या. आखणी चौकाचीच, पण मधल्या मंडपाभोवतीच्या खोल्या साधारण सारख्या मापाच्या. बत्तीस हात आणि सोळा हात असा भेद तेथे नाही. संघात आसनाचा क्रम उपसंपदा केव्हा झाली यावरून ठरे, जातीवरून ठरत नसे. म्हणून उपाली न्हावी विनयाचा अधिकारी पुरुष होऊ शकला. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि जागोजागी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. तेथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. खडकात कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्या टाक्यांत उतरते. पावसाचे पाणी साठवण्याचा एवढा जुना आणि एवढा साधा धडा घ्यायला आपल्याला परदेशी पुस्तक नको.

शिलालेखही वाचावेत. कार्ल्याच्या चैत्याला दान देणाऱ्यांत धेनुकाकटाचा सामी नावाचा सुतार आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. त्यांच्याकडे दानाची ठेव ठेवली जाई. कारागीर तेथे नावानिशी, समूहानिशी उभा आहे. पुढच्या हजार वर्षांत वाडे आणि देवळे बांधणाऱ्या किती पाथरवटांची, वडारांची, बेलदारांची नावे आपल्याला सांगता येतील?

येथे भाबडेपणा नको. संघ राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानावर चालत होता. दासाला आणि कर्जबाजारी माणसाला प्रव्रज्या देऊ नये असे नियम झाले होते. भिक्षुणींना दुय्यम दर्जा होता. लेणी खोदताना छिन्नी चालवणारे बहुतेक हात अनामच राहिले. तरीही ‘भारतीय परंपरा’ म्हणजे फक्त वाडा नव्हे, जागेची समान वाटणी करणारी आखणीही याच मातीत झाली होती, एवढे त्यावरून सिद्ध होते. निवड आपल्याला करायची आहे.

आणखी एक उदाहरण अगदी जवळचे आहे. जोतीराव फुले बांधकामाचे ठेके घेत असत. दगड, चुना, मजूर हा त्यांचा रोजचा व्यवहार होता. इंजिनियर खात्यात मजुरांना आणि रयतेला कसे नाडले जाते, ते त्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त मांडले. त्यांनी १८६८ साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. घर तेच, हौद तोच, पाणी तेच. एक वीटही हलवावी लागली नाही. माझ्या मते जुन्या वास्तूचे नव्या मूल्यांशी मेळ घालण्याचे हे आपल्याकडचे पहिले मोठे उदाहरण आहे. पण वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात ते शिकवले जात असेल, असे मला वाटत नाही.

५

आता आजच्या इमारती पाहू. हैदराबादला २००४ साली सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरचे उद्घाटन झाले. वर्तुळाकार इमारत, मधे चौक, भिंतींना जाळ्या, वारा आत ओढून गार करणारे मनोरे, छपरावर हिरवळ, वनस्पतींच्या मुळांतून शुद्ध होणारे सांडपाणी. अमेरिकेबाहेर ‘लीड’ या मानांकनाची सर्वोच्च श्रेणी मिळवणारी ती पहिली इमारत म्हणून गाजली. दिल्लीचे इंदिरा पर्यावरण भवन हे केंद्र सरकारचे कार्यालय २०१४ साली सुरू झाले. त्यातही मधे मोकळी जागा आहे, जाळ्या आहेत, आणि वर्षभरात लागेल तेवढी वीज छपरावरच्या सौर पट्ट्यांतून निर्माण करण्याचा संकल्प आहे. या दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत.

त्यांच्या कितीतरी आधी, १९७० नंतरच्या दशकात, लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था बांधली. उघड्या विटांच्या जाळ्या, झाडे न तोडता वळणे घेत जाणाऱ्या भिंती. विटा कडेवर उभ्या रचून मधे पोकळी ठेवायची, म्हणजे सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि भिंत उन्हाला दाद देत नाही. बेकर यांच्या पद्धतीचा मला भावणारा भाग वेगळा आहे. सिमेंट, पोलाद आणि काच यांवरचा खर्च कमी झाला की इमारतीच्या किमतीतला मोठा वाटा गवंड्याच्या आणि मजुराच्या हातात जातो. गिलावा नसल्याने गवंड्याचे काम लपत नाही. पर्यावरणाचा प्रश्न येथे श्रमाच्या प्रश्नाला येऊन भिडतो. अर्थात गवंड्याचा मुलगा गवंडीच राहिला, तर हा सन्मान अपुराच.

मानांकनांचे काय? आपल्याकडच्या ‘गृह’ मानांकनात बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा निकष आहे, आणि इमारतीत राबणाऱ्या सेवकवर्गाच्या सोयींनाही पुढे गुण दिले गेले. याचे स्वागत केले पाहिजे. पण गुण म्हणजे हक्क नव्हे. एखादा गुण सोडूनही मानांकन मिळवता येते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि संडास बंधनकारक केले. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघरही. आपापल्या शहरातल्या कोणत्याही मोठ्या बांधकामावर जाऊन यांतले काय काय दिसते ते पाहावे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढण्यास आणि साधनांविना गटारात माणूस उतरवण्यास बंदी केली. तरी माणसे गटारांत मरत राहिली; मृताच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये ठरवावी लागली. ज्या इमारतीचे सांडपाणी शुद्ध होऊन बागेला जाते, त्या टाकीत उतरणारा माणूस कोण आणि कोणत्या जातीचा, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या बागेला हिरवी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

६

त्या दिवशी कार्यालयातून निघताना मी विद्यार्थ्याला विचारले, ‘अरे, येथे झाडलोट करणाऱ्या बाया जेवायला कोठे बसतात?’ तो गोंधळला. ‘सर, खरंच माहीत नाही,’ म्हणाला. तो स्वतः आपल्याच समाजातला, वसतिगृहात राहून शिकलेला. मी पुढे काही बोललो नाही.

महिन्याभराने त्याचे पत्र आले. त्याने शोध घेतला होता. चौदा बाया आणि तीन पुरुष, सगळे ठेकेदाराकडचे, जनरेटरच्या खोलीमागे जिन्याखाली बसून जेवतात. तेथे ऊन आणि धूर, पाण्याचा नळ नाही. इमारतीतली सर्वांत गार जागा म्हणजे चौकाची ओसरी; ती दुपारी तासभर रिकामीच असते. तेथे बसायला कोणी मनाई केलेली नाही, पण आजवर कोणी बसलेलेही नाही. त्याने आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी व्यवस्थापनाला अर्ज केला : ओसरीत जेवायला बसण्याची आणि तेथल्या पाण्याची मुभा सर्वांना आहे, असे लेखी द्यावे. उत्तर आले की चौकाचे ‘स्वरूप’ बिघडेल. पर्यायी जागेचा विचार करू. त्याने दुसरा अर्ज केला आहे. हा लेख लिहीपर्यंत निर्णय झालेला नाही.

पर्यायी जागा! हा शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. महारवाडा ही पर्यायी जागाच होती.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नावे बदलली हे योग्यच झाले. वस्त्यांची जागा मात्र नावाने बदलत नाही. माझी विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. आपण ज्या कार्यालयात, महाविद्यालयात, पंचायत समितीत रोज जातो, त्याचा एक साधा नकाशा काढावा. पाण्याचा माठ कोठे, संडास कोठे, कोणत्या दाराने कोण येते, दुपारी सावलीत कोण बसते आणि उन्हात कोण, एवढेच त्यावर लिहावे. ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांना विचारून लिहावे. तो नकाशा घेऊन मग वास्तुविशारदांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलावे. चौकाला आपला विरोध नाही. आमच्या आजोबांच्या पायांनी त्याच्या भिंती तुडवून पक्क्या केल्या आहेत. त्या गारव्यावर त्यांच्या नातवंडांचा हक्क आहे, आणि त्या चौदा बायांचाही.